नोटिशीचा एकाहत्तरावा दिवस

पुण्यातल्या एका पेठेत जुन्या इमारतीत पहिल्या मजल्यावर राहणाऱ्या काकू कार्यालयात आल्या, तेव्हा त्यांच्या हातात मालकाच्या वकिलाची नोटीस होती. सात महिन्यांचं भाडं थकलंय, दरमहा ६०० प्रमाणे ४,२०० रुपये भरा, नाहीतर जागा खाली करण्याचा दावा लावू. "वकीलसाहेब, न्हाणीचं छत गळतंय म्हणून मीच थांबवलं. घर गळत असताना भाडं कशाचं द्यायचं?"

मी आधी तारीख पाहिली. नोटीस हाती पडून ७१ दिवस झाले होते.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १५ प्रमाणे थकबाकीच्या मागणीची लेखी नोटीस मिळाल्यापासून ९० दिवस जाईपर्यंत मालकाला त्या कारणावर दावा लावता येत नाही. दावा लागल्यावरही समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत पैसे भरता येतात. मात्र तेव्हा दरसाल १५ टक्के सरळव्याज आणि दाव्याचा खर्च डोक्यावर बसतो, आणि कोर्टाच्या चकरा सुरू होतात. काकूंच्या हातात १९ दिवस होते. त्याच दुपारी ४,२०० चा डिमांड ड्राफ्ट काढला, चालू महिन्याचे ६०० त्यात मिसळले नाहीत, वेगळे पाठवले. सोबतच्या पत्रात एकेका महिन्याचं नाव लिहिलं. महापालिकेच्या पट्टीचा हिस्सा मागितला असेल तर तोही द्यावा लागतो. इथे मागितला नव्हता. स्पीड पोस्ट, पोचपावतीसह.

संध्याकाळी प्लंबरला घेऊन जागेवर गेलो. न्हाणीच्या छताला पावसाळी ढगासारखा डाग. पान्याच्या मुठीने ठोकलं तर कडेला टणक आवाज, मध्ये पोकळ. गिलाव्याचा ओंजळभर तुकडा आपसूक खाली आला आणि आतली सळई दिसली. गंज पापुद्र्यांनी सुटत होता. नुसतं "गळतंय" लिहून भागत नाही, कुठून गळतंय ते दाखवावं लागतं. वरच्या बिऱ्हाडाच्या न्हाणीत ट्रॅपच्या, म्हणजे सांडपाणी पाइपात सोडणाऱ्या फरशीतल्या भांड्याच्या, तोंडाला बोळा लावून, लाल रंग घातलेलं पाणी साठवलं. रात्रभर खाली लाल थेंब आला नाही, म्हणजे फरशी ठीक होती. सकाळी बोळा काढताच काही मिनिटांत खाली लाल ओघळ आला. दोष ट्रॅप आणि बिडाचा पाइप यांच्या जोडात होता. ही चाचणी केली नसती तर सगळी फरशी उखडून वॉटरप्रूफिंग केलं असतं आणि गळती तशीच राहिली असती. दोन्ही वेळचे फोटो तारखेसह ठेवले.

कलम १४ प्रमाणे जागा राहण्याजोगी ठेवणं मालकाचं काम. न केल्यास किमान १५ दिवसांची नोटीस द्यायची, वाजवी मुदत जाऊ द्यायची, मग भाडेकरूने स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करायचा. पण वर्षाला वळती करायची रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाहून जास्त चालत नाही. काकूंचं वर्षाचं भाडं ७,२००, म्हणून मर्यादा १,८००. अंदाजपत्रक २१,००० चं. एकट्याने वसूल करायला जवळजवळ बारा वर्षं. जुन्या भाडेकरूंचं खरं दुखणं हेच आहे: हक्क पक्का, पण भाडं इतकं कमी की एकट्याच्या हाती काही लागत नाही.

म्हणून सहाही बिऱ्हाडांची एकत्र नोटीस दिली. तो पाइप सगळ्यांचा, आणि संयुक्त दुरुस्तीची सोय त्याच कलमात आहे; वाटणी ज्याच्या त्याच्या भाड्याच्या प्रमाणात. इथे सगळ्यांचं भाडं सारखंच होतं. पहिल्या वर्षी प्रत्येकी १,८००, म्हणजे १०,८००. दुसऱ्या वर्षी प्रत्येकी १,७००. दोन वर्षांत हिशेब मिटतो.

इथे एक सांगायलाच हवं: अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्यांना कलम १४ लागू होत नाही, ते भाडेकरूसाठी आहे. त्यांनी दुरुस्ती कोणी, किती दिवसांत करायची हे करारातच लिहून घ्यावं, सही करण्याआधी.

मालकाचं उत्तर आलं नाही. विसाव्या दिवशी काम सुरू केलं. ट्रॅप बदलला, जोडाभोवती कोबा भरला, खाली सळई घासून गंजरोधक लावून गिलावा केला. पाणी ४८ तास साठवून, मग सोडून पाहिलं, छत कोरडं. प्रत्येक बिल आणि मजुरीची सही केलेली पावती घेतली, कारण भाडेकरूंनी ठेवलेला हिशेब आणि व्हाउचर हाच खर्चाचा निर्णायक पुरावा, असं कायदाच म्हणतो.

वर्षाचे १,८०० म्हणजे महिन्याला १५० वजा करून सहाही बिऱ्हाडांनी पहिल्या महिन्याचे ४५० चे चेक दिले, ते मालकाने परत पाठवले. बिलांच्या प्रती आणि कलम १४ चा उतारा जोडून तेच चेक पुन्हा पाठवले. पावती देणं मालकावर बंधनकारक आहे, हेही त्यात लिहिलं. पुढच्या आठवड्यात सहाही पावत्या आल्या, प्रत्येकीवर "दुरुस्तीपोटी १५० वजा" असं मालकाच्याच अक्षरात.