आमची वाटचाल: गणेशपेठेतला बोअरिंग बार आणि भाऊसाहेबांचं पाचशे सीसी इंजिन

आमचं मोटारसायकलच्या इंजिनांचं वर्कशॉप. आमच्याकडे चेन टाइट करून मिळत नाही, ऑइल बदलून मिळत नाही. सिलिंडरला बोअर मारणं म्हणजे झिजलेला सिलिंडर आतून कापून मोठा करणं, होनिंग म्हणजे त्याला आतून घासून शेवटचा हात देणं, क्रँक, म्हणजे पिस्टनची ये-जा फिरण्यात बदलणारा दांडा, प्रेस करून सेंटर करणं, वॉल्व्ह सीट कापणं, एवढंच आमचं काम. ते नागपुरात आमच्या तोडीचं दुसरीकडे होत नाही, हे मी छाती ठोकून लिहितो.

वडिलांनी 1979 साली गणेशपेठेत जागा घेतली. एसटी स्टँड जवळ, त्यामुळे वर्धा, उमरेड, भंडाऱ्याचे लोक सिलिंडर पिशवीत घालून बसने आणत आणि संध्याकाळच्या बसने परत नेत. पैसा वडिलांचा आणि लेथ मशीन मोमिनपुऱ्यातल्या उस्तादांची, अशी भागीदारी. तिचा कागद कधी झाला नाही आणि गरजही पडली नाही. बोअरिंग बार, म्हणजे बोअर मारायचं यंत्र, सिलिंडरवर चढवताना सेंटर वरच्या टोकाला काढायचं नाही, तिथे पिस्टनच्या रिंगांनी खाल्लेलं असतं. खाली, जिथे रिंग पोचतच नाही, तिथे काढायचं, हे मला उस्तादांनी शिकवलं. शेवटचं माप सकाळीच घ्यायचं, हेही त्यांचंच. मे महिन्यात नागपूरचा पारा 45 वर गेला की दुपारी बिडाचा सिलिंडर एक माप दाखवतो आणि ॲल्युमिनियमचा पिस्टन दुसरंच, कारण ॲल्युमिनियम जास्त फुगतं. सिलिंडर, पिस्टन आणि मायक्रोमीटर तिन्ही रात्रभर एकाच टेबलावर ठेवा आणि चहाच्या आधी मोजा. आजही आमच्याकडे तसंच चालतं.

तेव्हा काम मुख्यतः येझदी मोटारसायकलचं. 65 मिलिमीटरचा बोअर (सिलिंडरचा व्यास), 75 चा स्ट्रोक (पिस्टनची धाव), एक सिलिंडर आणि दोन सायलेन्सर. पुढे यामाहाची आरएक्स हंड्रेड आली, 50 बाय 50. ती वर्षं भरभराटीची गेली, त्यांच्याबद्दल जास्त लिहिण्यासारखं नाही.

येझदीमुळेच भाऊसाहेब आमच्याकडे आले. उमरेडच्या कोळसा खाणीत फोरमन, अंगावर कायम खाकी शर्ट, आणि डोक्यात एकच गोष्ट, स्पीडवे नावाची मोटारसायकल शर्यत. त्यांचा एक नातेवाईक इंग्लंडमध्ये होता, तो मासिकं आणि नंतर व्हिडिओ कॅसेट पाठवायचा. आम्हाला जावा म्हणजे म्हैसूरची, आयडियल जावाची गाडी एवढंच माहीत. भाऊसाहेबांनी सांगितलं की चेकोस्लोव्हाकियात याच नावाची पाचशे सीसीची गाडी मातीच्या अंडाकृती ट्रॅकवर पळते. तिला ब्रेक नाही. गिअर एकच. टाकीत पेट्रोल नाही, मेथॅनॉल. चार जण, चार फेऱ्या, डावीकडे वळत. डाव्या पायाला पोलादी बूट, आणि मागचं चाक घसरवतच वळण काढायचं. पहिल्याला तीन गुण, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक, चौथ्याला काही नाही. दुकान बंद झाल्यावर आम्ही शटर अर्धं ओढून त्या कॅसेट बघायचो. उस्ताद चित्राकडे कमी बघायचे, आवाज जास्त ऐकायचे आणि म्हणायचे, "इसका पिस्टन ढीला है."

त्या नादातून आम्ही शर्यतीच्या गाड्यांची इंजिनं घ्यायला लागलो. विदर्भात मातीवरच्या शर्यती व्हायच्या, खाली काळी माती आणि वर मुरूम टाकून दाबलेला ट्रॅक. इंग्लंडचे ट्रॅक चुरलेल्या शेल दगडाचे, पोलंडकडे ग्रॅनाइटचा चुरा. आमच्या काळ्या मातीत पाणी जास्त झालं तर चाकं बसतात आणि कमी झालं तर भेगा पडतात. असल्या मातीवर मागचं चाक कधी पकडेल आणि कधी सोडेल याचा नेम नसतो, म्हणून इंजिन खालच्या आरपीएमला एकसारखं ओढलं पाहिजे. आमची इंजिनं ओढायची. पोरं जिंकायची. चषक त्यांच्या घरी, आणि आमच्या भिंतीवर त्यांचे फोटो.

आता जे लिहायला बसलो ते.

2001 ची गोष्ट. येझदीचा कारखाना 1996 लाच बंद झालेला, आरएक्स हंड्रेडही त्याच वर्षी थांबलेली. प्रदूषणाचे नियम आले आणि या टू-स्ट्रोक, म्हणजे पेट्रोलबरोबर ऑइल जाळणाऱ्या, इंजिनांचं नवं काम आटत चाललं. आमचा आधार उरला तो शर्यतीचा. अशा वेळी एका मोठ्या शर्यतीत, अख्ख्या गावादेखत, आमच्या इंजिनाची क्रँकपिन, म्हणजे पिस्टनचा दांडा क्रँकला जोडणारी पिन, गेली. गाडी तिसऱ्या फेरीत पहिली होती. मागचं चाक जाम झालं आणि पोरगा वीस फूट घासत गेला. देवाच्या कृपेने हाड मोडलं नाही.

आमच्याच ओळीत, थोडं पुढे, एक वर्कशॉप होतं. नाव घेणार नाही. त्यांनी त्याच संध्याकाळी पानठेल्यावर सुरू केलं, "त्यांनी जुनी पिन घासून टाकली." आठ दिवसांत ही गोष्ट कामठी, हिंगणा, पार चंद्रपूरपर्यंत गेली. ज्या माणसाला आमच्या वडिलांनी हाताला धरून होनिंग शिकवलं, तो आमचा जुना कारागीर त्यांनी उचलला, आणि त्याच्या खिशात आमच्या गिऱ्हाइकांची वही होती. वडील तेव्हा आजारी. हप्ता थकला. नवीन घेतलेल्या हायड्रॉलिक प्रेसला बँकेचं कुलूप लागायची वेळ आली.

पिन मी स्वतः बसवली होती. नवीन होती, सीलबंद डब्यातली, नामांकित कंपनीच्या नावाची. बसवायच्या आधी मापली, माप बरोबर. बसवल्यावर व्ही-ब्लॉकवर क्रँक फिरवून डायल गेज लावलं, रनआउट, म्हणजे फिरतानाचा वाकडेपणा, पॉइंट झिरो टू मिलिमीटरच्या आत. त्या मापाचा कागद माझ्याजवळ आजही आहे. मग गेली कशी? तुटलेली पिन घेऊन मी एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या मेटलर्जी लॅबमध्ये गेलो. अशा पिनचा पृष्ठभाग रॉकवेलवर, म्हणजे कडकपणा मोजायच्या मापावर, 60 च्या आसपास कडक हवा, हा 45 निघाला. कापून बघितलं तर वरचा कडक थर कागदाएवढा. डबा नकली, माल नकली. विकणाऱ्याने हात वर केले. मी रिपोर्टच्या झेरॉक्स काढून दुकानोदुकानी वाटल्या. लोकांनी घेतल्या, मान हलवली आणि काम पुढच्या दुकानात दिलं. अफवा ऐकायला गर्दी होते, रिपोर्ट वाचायला कोणी थांबत नाही, हे मला आजही बोचतं.

तेव्हा फक्त भाऊसाहेब आले. रिपोर्ट उभ्यानेच वाचला, आपल्या दोन्ही येझदी आणल्या आणि कामाच्या आधीच पैसे टेबलावर ठेवले. वर म्हणाले, "काऊन तोंड पाडून बसला बे पोट्ट्या? हे ठेव. काम झालं की वळतं करजो." त्या पैशात बँकेचे हप्ते निघाले. आठवड्याभरात खाणीतल्या आणखी चौघांच्या गाड्या त्यांनीच पाठवल्या. उस्तादांनी वर्षभर आपला वाटा घेतला नाही. घरच्यांनी खूप म्हटलं की जागा विका. ही दोन माणसं नसती तर आज तिथे मोबाइलचं दुकान असतं.

भाऊसाहेबांशी माझा जुना वाद आहे, आणि तो या प्रकरणापासून आणखी पेटला. त्यांचं म्हणणं, स्पीडवेचा खरा काळ जुना. 1936 ला वेम्बलीवर पहिली जागतिक फायनल झाली तेव्हापासून 1994 पर्यंत जगज्जेता जवळपास दरवेळी एका रात्रीत ठरायचा. प्रत्येकाला पाच हीट, म्हणजे चौघांच्या पाच छोट्या शर्यती, जास्तीत जास्त पंधरा गुण, संपलं. "छाती लागते त्याला," असं ते म्हणतात. 1995 पासून ग्रां प्री आली, वर्षभर वेगवेगळ्या गावी शर्यती आणि गुणांची बेरीज. ती त्यांना हिशेबनिसाचं काम वाटतं.

मी ऐकून घेतो, पण मला पटत नाही. 1973 ची फायनल घ्या, पोलंडमध्ये खोझुफला झालेली. पोलंडचा येझी श्चाकिएल आणि न्यूझीलंडचा आयव्हन मॉगर यांचे गुण सारखे, म्हणून निकालाची एक जादा शर्यत झाली. त्यात मॉगर पडला आणि श्चाकिएल जगज्जेता झाला. श्चाकिएलने ती रात्र कमावली, त्याचं काही काढून घ्यायचं नाही. पण मॉगर, ज्याने आयुष्यात सहा जागतिक किताब घेतले, ज्याच्या गाडीची तयारी बघून बाकीचे स्वतःची गाडी पुन्हा पुसायला घ्यायचे, त्याचं वर्ष त्या एका पडण्यावर मोजलं गेलं. आता 2023 बघा. पोलंडच्या बार्तोश झ्मार्झलिकला ग्रां प्रीच्या डेन्मार्कमधल्या फेरीत नियमाबाहेरचा पोशाख घातला म्हणून बाहेर बसवलं. अख्खी रात्र शून्य. तरी पुढच्या फेरीत, तोरुनला, किताब त्याचाच, कारण वर्षभराची कमाई गाठीला होती. ज्याचं दुकान एका संध्याकाळवरून मोजलं गेलं, त्याला या दोन पद्धतींतली कोणती न्याय्य वाटेल हे सांगायला नको.

इंजिनांच्या बाबतीत मात्र मी भाऊसाहेबांच्या बाजूचा. आधी इंग्लंडचं जॅप, 80 बाय 99, लांब स्ट्रोकचं. मग चेकोस्लोव्हाकियाचं ईसो, तेच 1964 मध्ये जावात गेलं. 1970 च्या दशकात वेस्लेकने चार वॉल्व्हचं इंजिन आणलं आणि जावालाही चार वॉल्व्ह करावे लागले. नंतर इटलीचं जीएम, आणि 1990 च्या दशकात सिलिंडर उभा सोडून आडवा झाला, म्हणजे वजन खाली आलं. ताकद आता 80 हॉर्सपॉवरच्या आसपास आणि गाडीचं वजन 77 किलोच्या पुढे-मागे. माझा भाचा, जो आता आमची क्रँक बघतो, झ्मार्झलिकचा भक्त आहे. 2025 ला त्याचा सहावा किताब झाला तेव्हा भाच्याने गल्लीत पेढे वाटले. मॉगर, स्वीडनचा टोनी रिकार्डसन आणि तो, सहा-सहाचे तिघे. रायडर म्हणून आजचे कमी नाहीत, शरीराने तर जास्तच तयार आहेत. पण जुना रायडर आपलं इंजिन स्वतः उघडायचा. आजचा ते ट्यूनरकडे, म्हणजे इंजिन तयार करून देणाऱ्याकडे, पाठवतो आणि बंद पेटीत परत घेतो. बिघाड झाला तर कुठे झाला हे त्याला सांगता येत नाही. आमच्याकडे येणाऱ्या पोरांचंही तेच. रेडिमेड बोअर किट घेतात, कोट मारलेला सिलिंडर आणतात आणि म्हणतात बोअर मारा. निकासिलचा, म्हणजे निकेलमधल्या कडक थराचा, कोट असलेल्या सिलिंडरला साध्या टूलने बोअर मारत नाहीत, कोट उडतो. हे मी दर आठवड्याला कोणाला तरी समजावतो.

विचारलं नाही तरी सांगतो. क्रँकपिन घेताना डब्यावर जाऊ नका, बारीक कानस हलकी फिरवून बघा. कानस घसरली तर पिन कडक, चावली तर परत करा. नवीन बोअरची गाडी पहिले पाचशे किलोमीटर एका स्पीडला धरून चालवू नका. आणि उन्हाळ्यात टू-स्ट्रोकला ऑइल कमी टाकून धूर कमी करू नका, पिस्टन जाईल.

सध्या टेबलावर भाऊसाहेबांचं इंजिन आहे. त्यांचा मुलगा नोकरीनिमित्त प्रागला असतो, त्याने तिथून जुनं दोन वॉल्व्हचं जावा स्पीडवे इंजिन मिळवून पाठवलं. आधीच्या मालकाने मेथॅनॉल काढून न टाकता ठेवलेलं, त्यामुळे कार्बोरेटर आतून पांढरा पडलाय. मेथॅनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि ॲल्युमिनियम खातं, म्हणून शर्यत संपली की पेट्रोल फिरवून धुवायचं असतं. क्रँक मात्र चांगली निघाली. सिलिंडर तीन उंचीवर, दोन्ही दिशांनी मोजला, वर पॉइंट बारा मिलिमीटरची झीज आहे. ओव्हरसाइज, म्हणजे मापाने मोठ्या, पिस्टनची ऑर्डर मुलाने तिकडूनच टाकली. मेथॅनॉल विषारी, ते परवान्याशिवाय मिळत नाही. त्याच्या अर्जासाठी भाऊसाहेब स्वतः चकरा मारत आहेत, वय झालं तरी उमरेडहून बसनेच येतात. क्रँकपिन मी बदलली नाही. मूळचीच आहे, लॅबमध्ये नेऊन कडकपणा तपासून घेतला, आणि तो रिपोर्ट दुकानात दर्शनी भागात लावला आहे.