चिकोरीची बाजू

माटुंग्याच्या कॉफीच्या दुकानात बिया समोर दळून देतात. पण त्याआधी एक प्रश्न येतो: चिकोरी किती घालू? ‘अजिबात नको,’ असं ताठ मानेनं सांगणारी बरीच मंडळी घरी जाऊन स्टीलच्या फिल्टरमध्ये पांचट कॉफी पाडतात आणि दोष देतात दुधाला.

चिकोरी म्हणजे एका रोपाचं मूळ, वाळवून, भाजून दळलेलं. त्यात कॅफिन नसतं. पण ती पाणी धरून ठेवते आणि कॉफीपेक्षा कितीतरी जास्त विरघळते. आपल्या फिल्टरला ना कागद, ना यंत्राचा दाब. वरच्या भांड्याच्या बुडाला बारीक भोकं, आत दांडीची चकती, खाली दुसरं भांडं; पाणी आपल्या वजनानं जे उतरेल ते. निव्वळ कॉफीतून ते भरभर उतरतं आणि अर्क अर्धा वरच राहतो. वीस टक्के चिकोरी असली की थेंब अडखळत पडतात, डिकॉक्शन, म्हणजे खालच्या भांड्यात साठणारा अर्क, काळंभोर उतरतं. चाळीस टक्क्यांना मात्र कॉफी मागे पडून काकवीसारखी गोडसर कडू चव तेवढी उरते. कायद्यानं एकोणपन्नास टक्क्यांपर्यंत चिकोरी चालते, म्हणून पाकीट उलटून आकडा वाचावा.

दोघांसाठी तीन मोठे शिगोशीग चमचे पूड, साधारण 24 ग्रॅम. ती हलक्या हातानं सपाट करायची, चकती नुसती टेकवायची. इथेच लोक अंगठ्यानं जोर लावतात. मग पाणी तासभर वर तुंबून बसतं. उकळी थांबल्यावर अर्धा मिनिट थांबून 120 मिली पाणी चकतीवर गोल फिरवत ओतावं. पंधरा-वीस मिनिटांत सत्तरेक मिली डिकॉक्शन मिळतं. बाकीचं पाणी चोथा पितो. थेंब मध्येच थांबले तर आधी झाकण सैल करून बघा, बऱ्याचदा आतली हवाच अडलेली असते. तरीही अडलं तर भोकं बुजलीत. रिकामं भांडं गॅसच्या आचेवर धरून अडकलेली पूड जाळायची, गार झाल्यावर झटकायची.

डिकॉक्शन पुन्हा उकळू नये, कडवट होतं. दूध मात्र कडकडीत हवं: शंभर मिलीला तीस-पस्तीस मिली डिकॉक्शन. डबऱ्यातून, म्हणजे पसरट वाटीतून, पेल्यात दोन-तीनदा उंचावरून ओतलं की फेस येतो आणि साखरही विरघळते. वावभर उंचीवरून ओतण्याची करामत हॉटेलवाल्यांना शोभते. घरात ती ओट्यावर सांडते.

इन्स्टंटची गोष्ट वेगळी. दोन चमचे पूड, दोन चमचे साखर, दोन चमचे गरम पाणी घालून फिकट होईपर्यंत फेटायची आणि वर गरम दूध ओतायचं. असं फेटणं फिल्टरच्या पुडीनं कधीच जमत नाही, कारण ती पूर्ण विरघळत नाही. जायफळही आपल्या घरांत या दुधाळ कॉफीतच शोभतं, तेही गॅस बंद केल्यावर, खिसणीवर दोनच फेरे. जास्त झालं की औषधाचा वास येतो.

चिखलदऱ्याची कॉफी मिळाली तर? आपल्या राज्यात पिकते म्हणून तरी ती आधी बिनदुधाची, बिनचिकोरीची प्यावी. तेवढ्यापुरता फिल्टर बाजूला ठेवावा. पातेल्यात पूड गरम पाण्यात चार मिनिटं झाकून ठेवली आणि दाट फडक्यातून गाळली, तरी पुरे.