मला आवडतो, मला आवडतात

पुण्यात मी गेली अकरा वर्षं स्पॅनिश शिकवते आहे. ए-वनच्या, म्हणजे अगदी पहिल्या पातळीच्या प्रत्येक बॅचमध्ये पाचव्या-सहाव्या आठवड्यात ‘गुस्तार’ हे क्रियापद येतं आणि वर्ग तिथे अडतो. ‘मला कॉफी आवडते’ हे स्पॅनिशमध्ये ‘मे गुस्ता एल काफे’. फळ्यावर दहा वेळा लिहिलं तरी मुलं ‘यो गुस्तो’ म्हणत राहतात. ‘यो’ म्हणजे मी. इंग्रजीतलं ‘आय लाइक’ डोक्यात इतकं घट्ट बसलेलं असतं, की वाक्य ‘मी’ने सुरू झालं नाही तर चैन पडत नाही.

आणि मी ते सोडवायला जायचे तेही इंग्रजीतूनच. ‘कॉफी इज प्लीझिंग टू मी.’ मी स्वतः तसंच शिकले होते. मुलं मान डोलवायची, वहीत लिहून घ्यायची आणि पुढच्या मिनिटाला पुन्हा ‘यो गुस्तो’.

म्हणून गेली काही वर्षं मी हा धडा गाण्यावर घेते. मानू चाओचं ‘मे गुस्तास तू’, 2001 सालचं. हा गायक पॅरिसमध्ये जन्मलेला, स्पॅनिश आईवडिलांचा मुलगा. हे गाणं ज्या अल्बममध्ये आहे त्याचं नाव माद्रिदच्या मेट्रोतल्या घोषणेवरून घेतलंय : ‘पुढचं स्टेशन, एस्पेरान्सा’. एस्पेरान्सा म्हणजे आशा, आणि त्या नावाचं स्टेशन माद्रिदमध्ये खरोखर आहे. मला हे गाणं वर्गासाठी आवडतं ते एका कारणासाठी. त्यात ‘मला हे आवडतं, मला ते आवडतं’ एवढंच पुन्हा पुन्हा येतं, कधी एकवचनात, कधी अनेकवचनात, आणि शब्द सुटे सुटे ऐकू येतात. (एका ओळीत गांजा येतो, त्यामुळे शाळेतल्या मुलांपुढे मी ते लावत नाही.) टर्म संपताना विरंगुळा म्हणून गाणी लावण्याच्या मी विरुद्ध आहे. गाणं का लावतोय याचं एक नेमकं कारण शिक्षकाकडे हवंच. कारण नसेल तर मुलं ताल धरतात आणि भाषा कानावरून निघून जाते.

तर त्या शनिवारची गोष्ट. सकाळी साडेआठची बॅच, चौदा जण. बरेचसे आयटीतले, दोन-तीन कॉलेजातले, आणि एक काकू. वय बासष्ट. टपाल खात्यातून निवृत्त झालेल्या. मुलगी स्पेनमध्ये असते आणि नातू व्हिडिओ कॉलवर मधूनच स्पॅनिशमध्ये बोलायला लागतो, म्हणून त्यांनी नाव घातलेलं. शिक्षण सगळं मराठी माध्यमात. माझं इंग्रजीतलं स्पष्टीकरण त्या शांतपणे ऐकायच्या, विचारायच्या काही नाहीत. त्यांना हे जड जातंय असं मी मनाशी धरूनच चालले होते.

माझी पद्धत अशी की पहिल्यांदा कागद पालथे ठेवायचे आणि नुसतं ऐकायचं. मग कागद सुलटे करायचे. त्यावर गाण्याच्या ओळी असतात आणि एकवचनी ‘गुस्ता’ की अनेकवचनी ‘गुस्तान’ एवढी जागा गाळलेली असते. दुसऱ्यांदा ऐकताना ती भरायची. ऐकायला हे सोपं वाटतं, पण गाण्यात शेजारचे स्वर एकमेकांत मिसळतात. ‘गुस्ता एल’ हे ‘गुस्ताएल’ असं एका दमात येतं, आणि ‘गुस्तान’मधला न पुढच्या शब्दाला चिकटून निघून जातो. नुसत्या कानावर भिस्त ठेवली तर निम्म्या जागा चुकतात.

दुसऱ्यांदा गाणं सुरू करायच्या आधी मी सहज वर्गातून फिरत होते. काकूंचा कागद भरलेला होता. सगळ्या जागा. सगळ्या बरोबर.

“काकू, हे गाणं आधी ऐकलंय का तुम्ही?”

“नाही हो मॅडम. विमानं पुष्कळ आहेत ना इथे? मग आवडतात. वारा एक, तो आवडतो. आपल्यासारखंच आहे की.”

मी तिथेच उभी राहिले. ‘मला आंबा आवडतो, मला आंबे आवडतात.’ मराठीत आवडणारी वस्तू कर्ता असते, क्रियापद तिच्यामागून चालतं आणि ज्याला आवडतं तो ‘ला’ लावून बाजूला बसतो. स्पॅनिशमध्ये तंतोतंत हेच. ‘मे’ म्हणजे सरळ ‘मला’. प्रवास करायला आवडतं, स्वप्नं बघायला आवडतं, अशा क्रिया आल्या की मराठीत ‘आवडतं’ एकवचनी राहतं, तसंच तिथेही ‘गुस्ता’. इतकी वर्षं मी मराठी मुलांना हे इंग्रजीच्या पुलावरून नेत होते, आणि त्यांचं घर नदीच्या त्याच तीरावर होतं.

मी काकूंना फळ्यापाशी बोलावलं. त्या संकोचल्या, पण आल्या. मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारलं, “पण यात ‘मी’ कुठे गेला?”

काकू वळून म्हणाल्या, “मराठीत तरी कुठे असतो रे? ‘मी आंबा आवडतो’ म्हणतोस का तू?”

वर्ग हसला, तो मुलगाही हसला, आणि मग त्याने स्वतःशीच ‘मे गुस्ता, मला आवडतो’ असं दोनदा पुटपुटून पाहिलं. मी फळ्यावर गाण्याचं नावच लिहिलं. इंग्रजीतून ‘मे गुस्तास तू’ समजावताना माझा नेहमी घाम निघायचा, कारण ‘तू’ मध्येच कर्ता कसा झाला हे कुणाला पटायचंच नाही. खाली मराठी लिहिलं : ‘मला तू आवडतोस’. गुस्तास, आवडतोस. शेवटचा ‘स’सुद्धा जुळला. त्या क्षणी वर्गात जी कुजबुज उठली, ती मी कधी विसरणार नाही.

त्यानंतर गाणं लावलं आणि सगळे गायला लागले. तिथे दुसरी गोष्ट लक्षात आली. सगळे ‘मे गुस्टा’ म्हणत होते. रोमन लिपीतला टी दिसला की आपल्याकडे तोंडातून ट येतो, ही इंग्रजी शाळेची सवय. स्पॅनिश त मात्र आपल्या तबल्यातल्या त सारखा, दातांना जीभ लावून. गाताना तो ट ठेच लागल्यासारखा टोचतो. फक्त काकूंचा त स्वच्छ होता. मी त्यांची वही मागून घेतली. पहिल्यांदा ऐकताना कागद पालथे होते, तेव्हा त्यांनी जे कानावर पडलं ते देवनागरीत टिपलेलं : ‘मे गुस्तान लोस आबिओनेस’. आबिओनेस! विमानं. त्या शब्दात अक्षर व्ही आहे, आणि कागदावर बघून म्हणणारे बाकीचे ‘आव्हिओनेस’ म्हणत होते. स्पॅनिशमध्ये बी आणि व्हीचा उच्चार एकच, हे मी तोवर शिकवलंही नव्हतं. काकूंच्या कानाने ते आपलं आपण पकडलं होतं. खरं म्हणजे दोन स्वरांच्या मधला तो ब आपल्या ब पेक्षा मऊ असतो, ओठ पुरते मिटत नाहीत. पण ‘व्ह’पेक्षा तो कितीतरी जवळचा.

आणि याच काकूंना मी पहिल्या आठवड्यात सांगितलं होतं, देवनागरीत लिहू नका, सवय लागते. त्यांनी ऐकलं नाही, हे माझं भाग्य. तास संपल्यावर मी तसं त्यांना सांगितलंही.

तेव्हापासून मी ‘गुस्तार’ मराठीतून शिकवते. ‘मे दुएले ला काबेसा’ला ‘मला डोकं दुखतंय’ असं फळ्यावर लिहिलं तर मराठी व्याकरणवाले रागावतील, पण ‘मे पारेसे’ला ‘मला वाटतं’ अगदी चपखल बसतं. प्रत्येक ठिकाणी असं जुळत नाही, आणि ते वेळेवर सांगावं लागतं. पुढच्याच आठवड्यात ‘मला दोन मुलं आहेत’ हे वर्गाने ‘मला’ धरून स्पॅनिशमध्ये नेलं आणि वाक्य कोसळलं. तिथे ‘तेंगो’ हवं, म्हणजे ‘माझ्यापाशी आहे’. भूकसुद्धा तिथे लागत नाही, ती असते : ‘तेंगो आम्ब्रे’. ‘माझ्या बहिणीला आवडतं’ म्हणताना स्पॅनिशमध्ये ‘तिला’साठी आणखी एक ‘ले’ घालावा लागतो. आपल्याकडे ‘बहिणीला’ म्हटलं की पुरतं, त्यामुळे मराठी मुलं तो ‘ले’ हमखास गाळतात. या चुका मला ‘यो गुस्तो’पेक्षा बऱ्या वाटतात, कारण त्या कुठून येतात ते लगेच दिसतं.

काकू पुढच्या पातळीला आल्या. तिथे मी बियोलेता पार्राचं ‘ग्रासियास आ ला बिदा’ घेते. चिलीच्या या गायिकेचं हे गाणं 1966 सालच्या तिच्या शेवटच्या अल्बममधलं, आणि पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी 1967 मध्ये तिने जीवन संपवलं. आयुष्याचे आभार मानणारं गाणं. अर्जेंटिनाच्या मेर्सेदेस सोसा या गायिकेने ते पुढे जगभर पोचवलं. वर्गात मी आधी गाणं ऐकवते आणि बियोलेताबद्दल नंतर सांगते, आधी सांगितलं तर कुणाचं शब्दांकडे लक्ष राहत नाही. ‘मे आ दादो’, म्हणजे ‘मला दिलं आहे’, हे त्यात सतत येतं. आयुष्याने ऐकायला कान दिले, आवाज दिला, दमलेल्या पावलांची चाल दिली.

काकूंनी हात वर केला. आता त्या पहिल्या बाकावर बसायच्या.

“मॅडम, चाल दिली ना? ‘मार्चा’ स्त्रीलिंगी आहे. मग इथे ‘दादा’ का नाही?”

मराठीत दिला, दिली, दिलं, दिले असं बदलतं म्हणून त्यांना ते खटकलं होतं. त्या वर्षी वर्गात दुसऱ्या कुणालाच ते खटकलं नाही. मी सांगितलं, ‘आबेर’ या सहायक क्रियापदाबरोबर आलं की ते रूप हलत नाही, पुढे काहीही येवो.

त्यांनी वहीत लिहिलं, ‘दादो. बदलत नाही.’ आणि खाली दोन रेघा मारल्या.