न दिसणारं लिथियम

बॅटरीच्या आत काय चाललंय ते बघायचं, तर "एक्स-रे काढा की!" असं मला हमखास सुचवलं जातं. काढतो ना. पण एक्स-रे अडवतात ते इलेक्ट्रॉन, आणि लिथियमच्या अणूत ते असतात तीनच. आमच्या टोमोग्राफीच्या (अनेक बाजूंनी एक्स-रे काढून जुळवलेल्या त्रिमितीय) चित्रात तांब्याची पत्री लखलखते, इलेक्ट्रोलाइट (आयन वाहून नेणारा द्रव) करडा दिसतो आणि ज्याच्यासाठी एवढा खटाटोप, ते लिथियम काळ्या पोकळीसारखं. शेजारी वायूचा बुडबुडा असला, तर दोघांत फरक करताना डोळे दुखतात.

तरी पिच्छा सोडवत नाही. आजच्या बॅटऱ्यांतल्या ग्रॅफाइटच्या एका ग्रॅमला 372 मिलिअँपिअर-तास क्षमता, शुद्ध लिथियमला 3,860. फक्त ते चार्जिंगच्या वेळी सपाट थरात बसत नाही. शेवाळासारखं फुगतं, कधी सुया काढतं, आणि सुई सेपरेटरमधून, म्हणजे दोन इलेक्ट्रोडमधल्या पडद्यातून, पलीकडे पोचली की शॉर्ट सर्किट.

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात या सुया दिसतात, पण झोतानेच त्या खराब होतात. 2017 मध्ये स्टॅनफर्डच्या यी त्स्वी यांच्या गटाने नमुना गोठवून अणूंची रचना टिपली. काम अप्रतिम, पण गोठवलं की वाढ थांबली. काचेच्या सेलमधले वाढीचे व्हिडिओ सगळ्यांना आवडतात. मला त्यांचा भरवसा नाही: तिथे इलेक्ट्रोड लांब लांब असतात, खऱ्या बॅटरीतला दाब नसतो.

माझा कल एनएमआरकडे: बॅटरी चुंबकात ठेवायची, रेडिओलहरी सोडायच्या आणि अणुकेंद्रकांकडून परत येणारा सिग्नल मोजायचा. सिग्नलची वारंवारता किती सरकली ते पीपीएममध्ये (दशलक्षांशांत) मोजतात; धातूरूप लिथियमचा सिग्नल 250 पीपीएमच्या आसपास येतो, इलेक्ट्रोलाइटमधल्या आयनांचा शून्याजवळ. गल्लत होण्याचा प्रश्नच नाही. शिवाय रेडिओलहरी धातूत जेमतेम दहा-पंधरा मायक्रॉन शिरतात. जाड पत्रीची नुसती कातडी दिसते, पण बारीक शेवाळ मात्र जवळपास पूर्ण मोजलं जातं. म्हणजे तंत्राची मर्यादाच इथे कामाला येते! क्लेअर ग्रे यांच्या गटाने 2010 मध्ये नेमकं हेच वापरून शेवाळी लिथियम चालू बॅटरीत मोजलं.

ते कुठे साचलंय हे मात्र या सिग्नलवरून कळत नाही; त्यासाठी एमआरआय, आणि त्याची चित्रं धूसर. पण तांब्याच्या कोऱ्या पत्रीवर लिथियम चढवून डिस्चार्ज पूर्ण केला, तरी 250 जवळचा सिग्नल थोडा उरतोच. तेवढं लिथियम पत्रीपासून तुटलेलं, मेलेलं. नवा इलेक्ट्रोलाइट आला की मी आधी तो उरलेला आकडा बघतो, चित्रं नंतर.