परदेशी निर्यातदाराच्या दारापर्यंत

महिला उद्योजकांसाठी व्यापारी दौरा आखायचा म्हटले की चर्चा बहुतेक वेळा विक्रीचीच होते. आपला माल परदेशात कसा खपेल, तिथले ग्राहक कसे मिळतील, याभोवतीच सारे नियोजन फिरते. उद्योगाला लागणारी यंत्रे, सुटे भाग, कच्चा माल किंवा पॅकिंगचे साहित्य परदेशी निर्यातदाराकडून थेट विकत घेण्याची बाजू मात्र मागे पडते. माझ्या मते छोट्या उद्योजिकेचे सर्वांत जास्त नुकसान इथेच होते. तिसऱ्या हाताकडून घेतलेल्या यंत्रात मधल्या व्यापाऱ्यांचा नफा मिळवलेला असतो हे खरे. पण त्याहून मोठी अडचण अशी की, यंत्र बंद पडल्यावर ते बनवणाऱ्या कारखान्याला या ग्राहकाचे नावही ठाऊक नसते.

ईमेल पाठवून हे अंतर मिटत नाही. अनोळखी, लहान खरेदीदाराच्या चौकशीला फार तर दरपत्रक मिळते. उधारीची मुदत, कमी प्रमाणातील पहिली ऑर्डर, तातडीने पाठवलेला सुटा भाग अशा सवलती ओळखीतून मिळतात आणि व्यापारातील ओळखी पिढ्यानपिढ्या ज्या बैठकांमधून आणि संघटनांमधून जुळत आल्या, तिथे स्त्रियांना प्रवेश फार उशिरा आणि फार थोडा मिळाला. नीट आखलेला दौरा ही उणीव काही अंशी भरून काढतो, म्हणूनच मला त्याचे महत्त्व वाटते.

आंतरराष्ट्रीय पातळीवरही या प्रश्नाची दखल घेतली गेली आहे. संयुक्त राष्ट्रे आणि जागतिक व्यापार संघटना यांची संयुक्त संस्था असलेल्या जिनिव्हातील इंटरनॅशनल ट्रेड सेंटरने 2015 मध्ये ‘शीट्रेड्स’ हा महिला उद्योजकांसाठीचा उपक्रम सुरू केला. डिसेंबर 2017 मध्ये ब्यूनोस आयर्स येथील जागतिक व्यापार संघटनेच्या मंत्रिस्तरीय परिषदेच्या वेळी शंभराहून अधिक देशांनी व्यापार आणि स्त्रियांचे आर्थिक सक्षमीकरण यांविषयीच्या जाहीरनाम्याला पाठिंबा दिला. 2021 मध्ये आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानके ठरवणाऱ्या संघटनेच्या दस्तऐवजात महिलांच्या मालकीच्या व्यवसायाची व्याख्या झाली. तिच्यात निम्म्याहून अधिक मालकीबरोबरच व्यवस्थापन आणि नियंत्रणही स्त्रियांच्या हाती असण्याची अट आहे, आणि ती मला फार मोलाची वाटते. निर्यातदारासमोर बसलेल्या स्त्रीला दर मान्य करण्याचा आणि करारावर सही करण्याचा अधिकार असेल, तरच त्या बैठकीतून काही निष्पन्न होते. ‘घरी विचारून कळवते’ या उत्तरावर कोणताही निर्यातदार आपला उत्तम दर उघड करत नाही.

दौऱ्याचे खरे काम निघण्यापूर्वीच सुरू होते. प्रत्येक उद्योजिकेने आपल्याला हव्या असलेल्या वस्तूचा सहा अंकी एचएस कोड (व्यापारातील वस्तूंच्या जागतिक वर्गीकरणातील क्रमांक), तांत्रिक तपशील, वर्षभराची अंदाजे गरज आणि परवडणारा दर एका कागदावर मांडावा आणि संयोजकांनी त्यावरूनच निर्यातदार निवडावेत. मोठ्या सभागृहात शंभर कार्डांची देवाणघेवाण करण्यापेक्षा दोन-तीन योग्य कारखान्यांत अर्धा अर्धा दिवस घालवणे कितीतरी अधिक उपयोगाचे असते. उद्घाटने, सत्कार आणि छायाचित्रे यांत जाणारा वेळ मला नेहमीच खटकतो, कारण तो कारखान्यांसाठी राखलेल्या वेळेतूनच वजा होतो.

कारखान्यात गेल्यावर पाहायचे ते हे की, निर्यातदार स्वतः उत्पादक आहे की दुसऱ्याचा माल पुढे विकणारा व्यापारी आहे. यंत्रे चालू आहेत का, नाकारलेल्या मालाचे काय केले जाते, तपासणीच्या नोंदी कुठे ठेवल्या जातात, हे कोणत्याही माहितीपत्रकात सापडत नाही. नंतर दराची बोलणी होतात आणि तिथे इन्कोटर्म्स, म्हणजे खर्च आणि जोखीम विक्रेता व खरेदीदार यांत कशी वाटली जाते हे ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय व्यापारी अटी, समजून घेतल्याशिवाय एक पाऊलही पुढे टाकू नये. सीआयएफ दर ऐकताना सुरक्षित वाटतो, कारण आपल्या बंदरापर्यंतचे भाडे आणि विमा विक्रेताच भरतो. पण जोखीम मात्र माल निर्यातीच्या बंदरात जहाजावर चढताच खरेदीदाराकडे येते, आणि वेगळे ठरलेले नसेल तर विक्रेत्यावर फक्त किमान संरक्षणाचा विमा काढण्याचेच बंधन असते. एक्स वर्क्स, म्हणजे कारखान्याच्या दारातच माल सोपवण्याचा दर सर्वांत कमी दिसतो, मात्र निर्यातदाराच्या देशातील निर्यातीची कागदपत्रेही त्यात खरेदीदाराच्याच माथी येतात. कंटेनरमधून जाणाऱ्या मालासाठी एफओबीऐवजी (माल जहाजावर चढवून देणे) एफसीए (ठरलेल्या ठिकाणी वाहतूकदाराकडे माल सोपवणे) अधिक योग्य मानले जाते, कारण असा माल बहुधा जहाजावर चढण्याच्या बराच आधी टर्मिनलवर सोपवलेला असतो.

सर्वांत अवघड गाठ किमान ऑर्डरची असते. वीस फुटी कंटेनरची आतील जागा सुमारे 33 घनमीटर असते आणि एकट्या छोट्या उद्योगाला ती भरण्याइतका माल लागत नाही. एकाच दौऱ्यात सारख्या गरजांच्या उद्योजिका एकत्र आल्या, तर त्या एकत्रित ऑर्डर देऊ शकतात किंवा निदान वाहतूक वाटून घेऊ शकतात, आणि दौऱ्याचा हा लाभ एकटीने केलेल्या प्रवासातून कधीही मिळत नाही. त्यासाठी पैसे कोण कधी भरणार, आणि माल सदोष निघाल्यास तोटा कसा वाटायचा, हे आधीच लिहून ठेवलेले असावे. लेटर ऑफ क्रेडिटवर, म्हणजे ठरलेली कागदपत्रे सादर झाल्यावर विक्रेत्याला पैसे देण्याच्या बँकेच्या हमीवर, विसंबतानाही एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी: बँक कागदपत्रे तपासते, मालाला ती हातही लावत नाही. म्हणून दोन्ही बाजूंच्या सह्या असलेला सीलबंद नमुना आणि माल निघण्यापूर्वीच्या त्रयस्थ तपासणीची अट करारात असणे आवश्यक आहे.

संयोजकांनी दुभाषी निर्यातदाराच्या बाजूचा न घेता स्वतःचा ठेवावा, मुक्काम सुरक्षित ठिकाणी असावा आणि तारखा पुरेशा आधी कळवाव्यात, म्हणजे मुलांची किंवा घरातील वृद्धांची जबाबदारी असलेल्या स्त्रियांना व्यवस्था लावता येते. आणि दौऱ्याच्या निधीतील काही भाग परतल्यानंतरच्या सहा महिन्यांसाठी राखून ठेवावा: आलेले नमुने तपासून घेण्यासाठी, कराराचा मसुदा जाणकाराला दाखवण्यासाठी, पहिला माल बंदरातून सोडवताना क्लिअरिंग एजंटचे (सीमाशुल्काची कामे करून देणाऱ्या प्रतिनिधीचे) मार्गदर्शन मिळण्यासाठी. दौऱ्याचा अहवालही सहभागी स्त्रियांची संख्या मोजून लगेच पूर्ण न करता, त्यांपैकी कितीजणींनी त्याच निर्यातदाराला दुसरी ऑर्डर दिली हे पाहून वर्षभराने लिहावा.