लाल सोनं रुसतं तेव्हा

मागच्या महिन्यात आईची अंगठी आणायला सराफ्यात गेलो होतो, आमच्या ओळखीच्या सोनारकाकांकडे, तर काका लाल सोन्याची पट्टी तापवून चर्रकन पाण्यात टाकत होते. म्हटलं काका, होऊ द्या की सावकाश गार. तर म्हणे, "हळू गार केलं की रुसतं रे ते, मग वाकवायला गेलं की तडकतं."

आता मी दिवसभर एक्सआरडी मशीनपुढे (एक्स-रे मारून अणूंची मांडणी दाखवणारं यंत्र) बसणारा माणूस, हे कळायला एवढी वर्षं लागावीत?

काकांचं सोनं १८ कॅरेट, नुसतं सोनं-तांबं, चांदी नाही. वजनाने ७५ ला २५, पण सोन्याचा अणू तांब्याच्या तिपटीहून जड, त्यामुळे अणू मोजले तर जवळपास निम्मे-निम्मे निघतात. म्हणजे चक्क सोनं-तांबं एकास एक, पुस्तकातलं इंटरमेटॅलिक, म्हणजे दोन धातूंचे अणू ठरावीक प्रमाणात आणि ठरावीक जागी बसलेलं संयुग! साधारण ४१० अंश सेल्सियसच्या वर हे अणू पंगतीत जागा मिळेल तिथे बसावं तसे बसतात, ३८५ च्या खाली सावकाश आणलं तर एक थर सोन्याचा, एक तांब्याचा असं लागतं आणि अणूंच्या मांडणीचा चौकोनी ठोकळा एका बाजूने दबतो, उंची रुंदीच्या ०.९३ पट. दबलेले तुकडे एकमेकांना रेटतात, झालं, धातू कडक. योहान्सन आणि लिंडे या शास्त्रज्ञांनी १९२५ मध्येच ही मांडणी एक्स-रेने दाखवली होती.

मग काय, काकांकडून अर्धा ग्रॅम कानशीचा कीस उसना आणला. पहिला पॅटर्न, म्हणजे कोणत्या कोनात किती एक्स-रे परततात त्याचा आलेख, एकदम भिकार, सगळी पीक (आलेखातले सुळके) पसरलेली, आणि चूक माझीच कारण कानशीने घासलं की कणांत ताण राहतो हे माहीत असून मी तसाच मशीनमध्ये घातला. मग क्वार्ट्झच्या नळीत निर्वात सील करून तापवला, अर्धा ५०० वरून तडक पाण्यात, उरलेला ३५० ला आठवडाभर. पाण्यातल्याचं ४७ अंशांजवळ (हे अंश कोनाचे) एकच पीक. दुसऱ्यात तेच फुटून दोन, एक ४६ च्या जरा अलीकडे, एक ४९.६ ला, आणि २४ अंशांजवळ एक नवंच पीक उभं! आधी तिथे काही दिसत नाही कारण सगळे थर सरासरी सारखेच, मधल्या थरावरून परतलेले एक्स-रे वरच्या थरावरच्यांना बरोब्बर खोडून काढतात, पण सोन्याचे ७९ इलेक्ट्रॉन आणि तांब्याचे २९ असे थर वेगळे झाले की खोडणं अर्धवटच होतं. (पितळेत हे करायला जाऊ नका, तांबं २९ आणि जस्त ३०, एक्स-रेला फरक कळतच नाही म्हटलं तरी चालेल, तिथे न्यूट्रॉनच लागतात.)

प्रिंट घेऊन काकांकडे गेलो. त्यांनी कागदाकडे बघितलंही नाही, आधी कीस काट्यावर टाकला. ११ मिलिग्रॅम कमी.

"होल्डरला व्हॅसलीन लावतो ना काका, त्याला चिकटला असेल."

"मग ते व्हॅसलीन आण."