मुंबई ते चिपी (सिंधुदुर्ग विमानतळ) ३५० किलोमीटर, मग विमानाला सव्वा तासाहून जास्त वेळ कसा लागतो?

मुंबईहून चिपीजवळच्या कुडाळपर्यंत रस्त्याने पावणेपाचशे किलोमीटरच्या आसपास. विमानाचं सरळ अंतर मात्र ३५०, आणि ते घरबसल्या काढता येतं. अक्षांशाचा एक अंश म्हणजे १११ किलोमीटर. मुंबई विमानतळ १९.०९ अंशांवर, चिपी १६.०० वर. फरक ३.०९, म्हणजे दक्षिणेला ३४३ किलोमीटर. पूर्वेला सरकायचं ते जेमतेम ७०. दोन्हींच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढा, ३५० येतात.

आता वेळ. ९ ऑक्टोबर २०२१ ला चिपी सुरू झालं तेव्हाच्या वेळापत्रकात मुंबईहून ११.३५ ला सुटून १ वाजता पोहोचायचं, असं होतं. विमान एटीआर, पंख्याचं, साधारण सत्तर सीटचं. वेग ताशी ५०० च्या आसपास. त्या वेगाने ४२ मिनिटं पुरायला हवीत. उरलेली ४३ कुठे जातात? तिकिटावरची वेळ चाकाखालचे ठोकळे काढल्यापासून ते पुन्हा लावेपर्यंत मोजतात. मुंबईत रनवेच्या रांगेतच पंधरा-वीस मिनिटं सहज जातात. चढताना-उतरताना वेग कमी, शिवाय धावपट्टीच्या रेषेत यायला वळसा. वर कंपनी थोडी वेळ राखून ठेवते, ती वेगळीच.

म्हणूनच उत्तर गोव्यातला मोपा विमानतळ ३९० किलोमीटरवर असून जेटने तिथे जायलाही सव्वा तासाच्या आसपास लागतो. जेट पुरतं वर पोहोचतंय तोवर उतरायची तयारी सुरू! एवढ्या अंतरात त्याचा वेग वायाच जातो.

 

मालवण, कुडाळ, वेंगुर्ल्याला जायचं तर चिपी. बांदा, सावंतवाडी, दोडामार्गला मोपा. बुकिंग करताना 'गोवा' एवढंच बघून पुढे गेलात की फसलात. तिकिटावरच्या विमानतळाच्या कोडमध्ये जीओएक्स म्हणजे मोपा. जीओआय म्हणजे गोव्याचा जुना विमानतळ दाबोळी, तोही झुआरी नदीच्या पलीकडे. तिथून सावंतवाडी गाठेपर्यंत विमानाने वाचवलेला वेळ टॅक्सीत जातो.

वेळापत्रक मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतं, आणि चिपीची मुंबई सेवा मधूनमधून बंदही पडलेली आहे. तेव्हा गणपतीचं तिकीट काढण्याआधी त्या तारखेचं विमान खरंच आहे ना, ते बघून घ्या. पावसात ढग खाली आले आणि ठरलेल्या उंचीवरून धावपट्टी दिसली नाही, तर वैमानिक उतरत नाही. घिरट्या घालतो, नाहीतर दुसरा विमानतळ गाठतो. त्याच दिवशी पुढची गाडी पकडायची असेल तर मध्ये किमान तीन तास ठेवा.

एटीआरमधले वरचे कप्पे लहान असतात, फुगलेली केबिन बॅग दारातच काढून घेतात. सुकं खोबरं घेऊच नका. तेलकट, पेट घेणारं म्हणून ते तपासणीत अडकतं.